चांदबिबी की मांजरसुंबा?

नगरला पाहुणा आला आणि त्याने विचारलं, की इथं एका दिवसात जाऊन येण्यासारखा डोंगर कुठला, तर उत्तरं दोनच येतात. चांदबिबीचा महाल, नाहीतर मांजरसुंब्याचा गड. मग घरातल्या घरात तट पडतात. चांदबिबीवाले म्हणतात, रस्ता चांगला, वारा छान, वरून अख्खं नगर दिसतं. मांजरसुंबावाले म्हणतात, ह्यॅ, टांगा जातो त्याला काय डोंगर म्हणायचं! आणि महाल कसला, आत सलाबतखानाची कबर आहे. मी मांजरसुंब्याच्या बाजूची. का, ते सांगते, पण मध्ये बोलायचं नाही.

लढाई संपली होती, रेशन संपलं नव्हतं आणि माझं लग्न जमत नव्हतं. वडिलांचं तांब्यापितळेच्या भांड्यांचं दुकान होतं. घर खाऊनपिऊन सुखी, मीही दिसायला चारचौघींसारखी होते. अडचण होती ती डाव्या पायाची. लहानपणी मी माळ्यावरून पडले होते. तालमीतल्या वस्तादांनी हाड बसवलं, पण ते बसायचं तसं बसलं नाही आणि पाय बोटभर आखूड राहिला. सपाटीवर चालले की एक खांदा पडायचा आणि दुसरा उठायचा.

आईने यावर उपाय शोधून ठेवले होते. बघायला येणारे दारात यायच्या आधीच ती मला पाटावर बसवून ठेवायची. लुगडं चांगलं घोळदार नेसवायची, म्हणजे पाऊल दिसू नये. पण मुली बघत हिंडणाऱ्या बायकाही काही कालच्या नव्हत्या. पोहे संपले की त्यांच्यातली एखादी आत्याबाई अगदी गोड आवाजात म्हणायची, "मुली, जरा तुळशीपाशी जाऊन ये बघू." मी जाऊन यायचे आणि तिथंच सगळं आटपायचं. आठवड्याने निरोप यायचा, पत्रिका जमत नाही. माझी पत्रिका बहुतेक पायातच असावी.

अशातच एक दिवस मणेरीणमावशी बांगड्या भरायला आल्या. डोक्यावर पेटी घेऊन त्या गावोगावचे बाजार करायच्या. कुठल्या घरात कोण लग्नाचं आहे, हे भटजींना माहीत नसेल एवढं त्यांना माहीत. माझ्या मनगटावर बांगडी चढवता चढवता त्या आईला म्हणाल्या, "सोनईला एक पोरगा आहे, बाई. तुमच्यातलाच. बाप नाही, आई आहे, विहिरीची जमीन आहे, नगरला राहून मॅट्रिक झालाय. विचारू का?"

आई म्हणाली, "विचारा हो, पण आता घरात कार्यक्रम नको. पाहुणे आले की गल्ली दारात येऊन उभी राहते. नकार आमच्या आधी त्यांना कळतो."

"मग डोंगरावर जा की! सहल म्हणायचं. जमलं तर जमलं, नाही जमलं तर हवा खाऊन घरी."

आईला ही युक्ती फारच आवडली. मावशींनी सोनईला विचारलं आणि पुढच्या खेपेला निरोप घेऊन आल्या, की मुलगा आणि त्याची आई येतील, पण मुलगा म्हणतोय चांदबिबीला जाऊ. मला हे जरा विचित्र वाटलं. सोनईकडून येणाऱ्याला मांजरसुंबा जवळ, डोंगरगण गावाच्या अगदी डोक्यावर. चांदबिबीला जायचं म्हणजे त्यांना नगर ओलांडून पार पलीकडे जायला हवं. मी मनात म्हटलं, मुलगा आळशी दिसतोय, चढायचा कंटाळा.

वडील मात्र खूश झाले. "देव पावला! टांगा पार वरपर्यंत जातो. आपण लवकर जायचं, महालात सतरंजी अंथरायची आणि हिला बसवून टाकायचं. उठायचं कामच नाही."

"आणि लग्न झाल्यावर?" मी विचारलं.

"लग्न झाल्यावर कोण बघतंय?"

कोण बघतंय! आमच्याच गल्लीतल्या एका मुलीला एका डोळ्याने दिसत नव्हतं. लपवून दिली होती. वर्षाच्या आत तिला माहेरी आणून सोडलं, आणि वर फसवलं म्हणून तिच्या बापाला भर बाजारात बोलले. ती दिवसभर घरातच असायची, खिडकीतसुद्धा बसायची नाही. तिची दशा मी रोज बघत होते. मला नकाराची भीती उरली नव्हती, तो ऐकून ऐकून कान किटले होते. भीती होती ती लपवून मिळालेल्या होकाराची.

"मी काय गणपती आहे का पाटावर मांडून ठेवायला?" मी म्हटलं. "आणि विसर्जन कुठल्या दिवशी करणार? चांदबिबीला नेलंत तर मी टांग्यातून उतरायचीच नाही. मांजरसुंब्याला चला. गड आहे, चढावं लागेल. चढताना काय दिसायचं ते त्यांना दिसू दे."

"अगं, पण नकार येईल!"

"येऊ दे. निदान गड तरी बघून होईल." हेही खरंच होतं. शाळेच्या मुली मांजरसुंब्याला जाऊन आल्या तेव्हा मला घरी ठेवलं होतं, ते माझ्या मनातून गेलं नव्हतं.

आई कपाळावर हात मारून म्हणाली, "देवा, पायाऐवजी हिची जीभ आखूड केली असतीस तर काय बिघडलं असतं तुझं!" वडिलांना हसू आलं, आणि वडील हसले की आमच्या घरात निर्णय झालेला असायचा. मांजरसुंब्याचा निरोप गेला.

दिवाळी होऊन गेली होती. पहाटेच्या थंडीत आम्ही टांग्याने निघालो. मी, आई, वडील, मावशी आणि फडक्यात बांधलेले धपाटे. ते दोघं आदल्या दिवशीच वांबोरीला नातेवाइकांकडे मुक्कामाला आले होते. डोंगरगणपाशी त्यांची बैलगाडी झाडाखाली सोडलेली दिसली. मुलगा उंच, सावळा आणि नवे कोरे बूट घातलेला. आम्हाला बघून तो बैलांशीच काहीतरी करत राहिला. त्याची आई मात्र ऐसपैस बाई. "या या, लई गार पडलंय," म्हणत तिने माझा हात धरला आणि सोडलाच नाही.

चढायला सुरुवात केली आणि मला माझी चूक कळली. वाट अरुंद, दगड निसटते, मध्येच गुडघ्याएवढं पाऊल उचलावं लागायचं. आई चपला हातात घेऊन चालली होती आणि दर दगडाला देवाचं नाव घेत होती. वडील कमरेवर हात ठेवून वाकले होते. मुलाला नवे बूट चावत होते, तो पाय फेकत चालत होता. त्याची आई तर दोन्ही गुडघे धरून झुलत येत होती. सगळेच लंगडत होते! त्यांत माझं लंगडणं कुणाला वेगळं ओळखू येणार? उलट, आयुष्यभर पाय जपून टाकायची सवय असल्यामुळे मीच सगळ्यांत पुढे होते.

आई धापा टाकत माझ्याशेजारी आली आणि कुजबुजली, "काही म्हणजे काही कळत नाही गं! बरं झालं तुझं ऐकलं. आता वर गेल्या गेल्या बसून घे. उतरताना मी तुझ्या बाजूला राहते, म्हणजे झालं."

घ्या! ज्या गडावर सगळं उघडं पडावं म्हणून मी भांडले, त्यानेच माझ्यावर पांघरूण घातलं. मला मोठ्याने हसावंसं वाटलं. आता गप्प बसले असते तर लग्न ठरलं असतं. अगदी आईच्या मनासारखं, आणि त्या खिडकीत न बसणाऱ्या मुलीसारखं.

दरवाजातून आत गेलं की वर मोकळं पठार लागतं. पिवळं पडलेलं गवत, पाण्याची टाकी आणि कड्यावर पडका महाल. खाली डोंगरगणची दरी. वारा असा, की पदर जागेवर राहीना. क्षणभर मी कशासाठी आले तेच विसरले. इतकं मोठं आभाळ मी नगरात पाहिलंच नव्हतं. आईने सतरंजी अंथरली आणि मला खांद्याला धरून खाली दाबलं. सगळे बसले. मुलाने बूट काढून टाचा मोकळ्या केल्या. त्याच्या आईला धाप लागली होती, ती म्हणाली, "घोटभर पानी हाय का गं कुनाकडं?"

वडील उठायला लागले. त्यांच्या आधी मी तांब्या उचलला. आईने माझा पदर धरला, मी तो सोडवून घेतला. टाकं पठाराच्या दुसऱ्या टोकाला होतं. मध्ये झाड नाही, झुडूप नाही, नुसतं सपाट गवत. मी ताठ मानेने चालत गेले. माझा खांदा पडत होता, उठत होता, पडू दिला. पाणी भरलं आणि तशीच परत आले. येताना सगळे समोरूनच बघत होते. आईने डोळ्यांना पदर लावला होता.

तांब्या मी त्याच्या आईच्या हातात दिला आणि म्हटलं, "बघितलंत ना? डावा पाय आखूड आहे माझा. जे सांगायचं ते इथंच सांगा. मागून पत्रिकेचं नाव नको."

ती बाई आधी शांतपणे पाणी प्यायली. मग तोंड पुसून म्हणाली, "अगं बाय, ते तर आमाला ठाऊक हाय. ह्या मनेरनीनं पैल्या दिवशीच सांगितलं. म्हनून तर ह्यो म्हनला, चांदबिबीला जाऊ, पोरीला चढ नको. आन् तूच आमास्नी हितं चढीवलंस! गुडगं ऱ्हायलं न्हाईत माझं."

आई मावशींकडे बघतच राहिली. मावशी म्हणाल्या, "मी बांगडी टिचकी मारून विकते, बाई. बद्द वाजली तर आधी सांगते, मग गिऱ्हाइकाची मर्जी."

"म्हणजे मी बद्द वाजणारी बांगडी होय?" मी म्हटलं आणि सगळ्यांत आधी वडिलांना हसू फुटलं. मग सगळेच हसले. आईसुद्धा, पदराआडून.

मी मात्र पुरती भडकले होते. आनंद झाला होता, तोच रागासारखा बाहेर येत होता. म्हणजे एकीकडे माझे आईवडील माझ्या पायासाठी डोंगर निवडत होते, दुसरीकडे हे लोक निवडत होते, आणि पाय जिचा तिला कुणी विचारत नव्हतं. मी सरळ त्या मुलाकडे वळले. मुलीने असं बोलायची रीत नव्हती, पण रीत मघाशीच टाक्यापाशी सोडून आले होते.

"चांदबिबी तुम्ही ठरवलंत. मला एकदा विचारायचं तरी होतं."

तो दचकला. बूट हातातच होते, ते त्याने बाजूला ठेवले. मग म्हणाला, "चुकलं माझं. आता विचारतो. पाय दुखतो का?"

पाय दिसतो का, हे सगळ्यांनी बघितलं होतं. आत्याबायांनी, गल्लीने, माझ्या आईने रोज. दुखतो का, हे आजवर कुणी विचारलं नव्हतं. मग मीही कुणाला सांगितलं नव्हतं. याच माणसाशी लग्न करायचं, हे मी तिथंच, त्या सतरंजीच्या कडेला उभ्या उभ्या ठरवलं.

"दुखतो," मी म्हटलं. "चढताना एवढा नाही. उतरताना फार दुखतो."

आई बाजूलाच बसली होती. तिनेही ते तेव्हाच पहिल्यांदा ऐकलं.