मी ते बटण काढलं

सोमवार. सकाळी उपाशीपोटी लॅबमध्ये रक्त दिलं. मग डॉक्टरांकडे ईसीजी. बीपी वाढलेलं निघालं, गोळी सुरू केली.

साडेदहाला ऑफिसात आलो. लॅपटॉप उघडला आणि आमच्या प्रोग्राममधलं एक बटण काढून टाकलं.

संतोष गेला त्याला आज एक वर्ष झालं.

ते बटण मीच त्याला करून दिलं होतं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. संतोष मूळचा जालना जिल्ह्यातल्या जाफराबादचा. आम्ही दोघं पुण्यात एकाच कंपनीत डेव्हलपर होतो. वर्क फ्रॉम होम कायमचं झालं तेव्हा दोघंही जालन्याला परत आलो. जुन्या जालन्यात एका दुकानाच्या वरची खोली भाड्याने घेतली. दोन टेबलं, दोन खुर्च्या, एक इन्व्हर्टर. त्यालाच आम्ही ऑफिस म्हणायचो.

दोघंही चाळिशीच्या जवळ. दोघांचीही पोटं सुटलेली. डबासुद्धा कीबोर्डच्या शेजारी ठेवूनच खायचो.

एकदा माझी पाठ धरली. चार दिवस अंथरुणात होतो. बरा झाल्यावर मी एक छोटा प्रोग्राम लिहिला. दर पाऊण तासाने स्क्रीन तीन मिनिटं काळी व्हायची. मधोमध तीन ओळी.

ऊठ.
पाणी पी.
खाली जाऊन ये.

प्रोग्रामचं नावही ‘ऊठ’च ठेवलं. दोघांच्या लॅपटॉपवर टाकला.

“काय डॉक्टर,” संतोष म्हणाला, “माझी माय बी इतक्यांदा उठवत नव्हती मला.”

पण उठायचा. स्क्रीनच नाही म्हटल्यावर काय करणार.

खाली दुकानात पाण्याचा जार असतो. दोघांच्या बाटल्या संतोषच भरायचा. कधी मस्तगडपर्यंत चक्कर व्हायची. चालताना कामाचं बोलायचं नाही, हा त्याचा नियम. मग तो मुलीच्या शाळेतलं काहीतरी सांगायचा, नाहीतर माझ्या चालीला हसायचा.

“जल्दी चल ना. वरातीत चालून राह्यला काय?”

दोन महिने बराबर चाललं. त्याचा पट्टा एक भोक आत गेला. ते त्याने खालच्या दुकानदारालाही दाखवलं.

मग एका दिवशी क्लायंटला डेमो देताना त्याची स्क्रीन काळी झाली.

कॉल संपल्यावर तो माझ्याकडे वळला. “आता त्याला काय सांगू? पाणी प्यायला गेल्तो म्हणून?”

“तेवढ्या वेळापुरतं बंद करत जा.”

“ध्यानात न्हाई राहत. एक बटण दे ना बाबा. ‘नंतर’ म्हणून. दाबलं की दहा मिनिटं सुट्टी.”

दोन मिनिटांचं काम होतं. करून दिलं. माझ्याही लॅपटॉपवर घेतलं.

कोण किती वेळा दाबतो त्याची नोंद दोघांच्या एकाच फाइलमध्ये व्हावी, अशी सोयही केली. त्याला चिडवायला.

चिडवलं फार थोडे दिवस. मग मीही दाबू लागलो. महिन्याभरात मस्तगडची चक्कर बंद झाली. बाटल्या सकाळी एकदाच भरायच्या, असं ठरलं.

त्या दिवशी तो सकाळपासून डावा खांदा चोळत होता.

मी म्हटलं, “दवाखान्यात जाऊन येऊ.”

“ॲसिडिटी आहे रे. रात्री जेवण जड झालं. एवढं काम डिप्लॉय होऊ दे, मंग जाऊ.”

तेवढ्यात मला कॉल आला. मी हेडफोन लावला. त्याची स्क्रीन काळी झालेली दिसली. त्याने बटण दाबलेलंही दिसलं.

मी काही बोललो नाही. कॉल चालू होता.

पंधरा-वीस मिनिटांनी तो खुर्चीतून खाली कोसळला. दुकानदाराने रिक्षा थांबवली, आम्ही दोघांनी त्याला उचलून नेलं. दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं.

मागच्या आठवड्यात, तिथीप्रमाणे आलेल्या त्याच्या वर्षश्राद्धाला गेलो होतो. पंगत उठल्यावर वहिनी मला बाजूला घेऊन म्हणाल्या, “भाऊजी, तुम्ही तपासून घेतलं का?”

“घेतो वहिनी. या रिलीजनंतर लगेच.”

त्या म्हणाल्या, “हे बी असंच बोलायचे.”

आणि ताटं उचलायला गेल्या.

त्या दिवशी घरी न जाता ऑफिसात आलो आणि ती फाइल उघडली. वर्षभर उघडली नव्हती. मला त्याची शेवटची नोंद बघायची होती.

सापडली. अकरा चाळीस. संतोष. नंतर.

त्याच्या खालच्या सगळ्या माझ्या.

तेराव्यानंतर मी कामावर आलो, त्याच दिवशीची पहिली. त्यानंतर रोजच्या. एका दिवशी ओळीने सात. त्याची रिकामी खुर्ची शेजारी होती आणि मी दाबत होतो.

वर्षभर मला वाटत होतं की माझी चूक त्याला बटण देण्यात झाली. तो गेल्यावरही मी ते ठेवलं, वापरलं, हे मी स्वतःला कधी सांगितलंच नव्हतं.

लॅबची वेळ तिथूनच घेतली. रिलीज या शुक्रवारी आहे. ती होईल.

बाकी मला फार लिहिता येत नाही.

कुणाला प्रोग्राम हवा असेल तर मेसेज करा, पाठवतो. बटण मागू नका. छातीत, खांद्यात, जबड्यात काही वाटलं तर समोरचं काम तसंच सोडून उठा. आणि शेजारी कुणाला तसं होताना दिसलं, तर कॉल कट करा. मी केला नाही.

हे लिहीत असतानाच मघाशी स्क्रीन काळी झाली. सवयीने हात माउसवर गेला. दाबायला काही नव्हतं.

संतोष, तुझी आठवण रोज येते. आता उठत जाईन.

खाली उतरलो. मस्तगडपर्यंत चालत गेलो, परत आलो. जारमधून माझी बाटली भरून घेतली.