तुझ्या पायी

गव्हाचा चीक शिजवून झाला होता. लंकाबाईने गच्चीवर जुन्या धोतरावर जेमतेम अकरा कुरडया घातल्या असतील, तेवढ्यात जिन्यातून गोटीरामाची हाक आली. सोऱ्या तिच्या हातातच राहिला. चीक निवला की कामातून जातो, हे कळत असूनही ती उठली.

गोटीराम हा मखमलाबादच्या भजनी मंडळाचा कारभारी. त्या साली, म्हणजे नव्व्याण्णव साली, मंडळ केदारनाथाला निघालं होतं. नाशिकरोडहून दिल्ली, दिल्लीहून हरिद्वार, पुढे डोंगरातली बस, इथवर लंकाबाईच्या डोक्यात नीट बसलं होतं. पण बस गौरीकुंडाला थांबते, वरचे चौदा किलोमीटर ज्याचे त्याने बघायचे. गोटीरामाने पुढे केलेल्या कागदावर चार शब्द होते: पायी, घोडा, दांडी, कंडी.

"एकावर खूण करा, वहिनी. सांजच्या आत कागद पायजे, नायतर तुमची जागा दुसऱ्याला जाईल. लय लोक थांबलेत," म्हणून तो गेला.

भिमाजीने, तिच्या नवऱ्याने, चष्मा लावून कागद वाचला. "दांडी? एवढं लांब जाऊन दांडी मारायची? मग घरीच बसलेलं काय वाईट? आन् कंडी तर आपल्या गल्लीत रोज पिकते."

शेजारच्या गच्चीवर कुसाबाई मिरच्या उलटत होती. ती मागच्या साली जाऊन आलेली. "दांडी म्हंजे खुर्ची, भाऊजी. चौघं जण खांद्यावर नेतात."

"चौघांच्या खांद्यावर? ते तर आपल्याला एकदा जायचंच हाय."

"चावट. कंडी म्हंजे पाठीवरची टोपली. एकटा माणूस नेतो. आपलं तोंड मागं."

"म्हणजे देवाकडं पाठ?" लंकाबाईने विचारलं. कंडी तिथेच बाद झाली. घोड्यावर ती जन्मात बसली नव्हती. आणि गुडघे असे, की गच्चीचा जिनाही ती कठड्याला धरून चढायची.

खरी अडचण वेगळीच होती. पाच वर्षांपूर्वी ज्ञानेशला, तिच्या एकुलत्या एका पोराला, टायफॉइड झाला होता. एकविसाव्या दिवशी देव्हाऱ्यापुढे बसून ती बोलून गेली होती, केदारनाथा, पोराला उठव, मी पायी येईन. की 'तुझ्या पायी येईन' म्हणाली होती? पोरगं उठलं, नोकरीला लागलं, आणि शब्द मात्र तिला आठवेना. पायी म्हणजे चालत. तुझ्या पायी म्हणजे पायाशी. बोललेला शब्द चुकला तर पोराच्या डोक्यावर काही यायला नको.

"तुझ्या पायी म्हणालीस. मी दारातच होतो," भिमाजी म्हणाला.

"खरं सांगताय, का मी दांडीत बसावं म्हणून?"

भिमाजी चष्मा पुसत राहिला. "पाच वर्षं झाली गं. आता मलाबी शपथेवर सांगता येणार नाय."

तिला त्याचा राग आला, मग स्वतःचा. देवासमोर बोलताना माणसाने इतकं गोल बोलू नये.

"कुसाताई, देऊळ पहिल्यांदा कुठून दिसतं?"

"वर चढ संपला की. तिथून मैलभर राहतं. सपाटच म्हण ना."

लंकाबाईने पेन्सिल मागितली. दांडीवर खूण केली, पायीवरही केली आणि खाली लिहिलं: देऊळ दिसेपर्यंत दांडी, पुढे पायी.

"एकच खूण सांगितली होती त्यानं," भिमाजी म्हणाला.

"मी काय बोलले ते देवाला ठाऊक असेल. माझ्याकडून दोन्ही झालं म्हणजे झालं. ऐकलं नाही गोटीरामभाऊंनी, तर मग सगळं चालेन. जा, देऊन या."

तो जिना उतरला. पातेल्यातल्या चिकावर साय धरली होती. तिने चमचा घालून पाहिला, तो उभाच राहिला. उरलेल्याच्या आता चिकवड्याच होणार होत्या. त्या घालून झाल्यावर तिला मेनरोडला जाऊन कापडी बूट आणायचे होते.