अंगणातला घनसाळ

आमच्या घरामागं तीन-चार खाटा मावतील एवढी मोकळी जागा आहे. मी एसटीच्या वर्कशॉपमध्ये नोकरीला होतो तोवर तिथं जुने टायर, एक गळकं पिंप आणि कढीपत्त्याचं झाड, एवढंच होतं. मी निवृत्त झालो त्याच वर्षी बायकोच्या दोन्ही गुडघ्यांची ऑपरेशनं झाली. खाली बसायचं नाही, वाकायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं. मग ती मागच्या दारात खुर्ची टाकून त्या टायरांकडं बघत बसायची. बोलणं कमी झालं होतं.

ती आजऱ्याकडची. तिच्या माहेरी घनसाळ भात पिकतो. दाणा बारीक, आणि चुलीवर ठेवला की शेजारच्या घरात कळतं. तिला बघायला तिचा भाऊ आला तेव्हा त्यानं भाताच्या लोंब्यांचं तोरण आणलं. तिकडं चिमण्यांसाठी ते दाराला टांगतात. मी त्यातल्या चार लोंब्या ओरबाडून हातावर दाणे घेतले आणि म्हणालो की हे मी मागं लावणार. ती हसली. ऑपरेशननंतर पहिल्यांदाच हसली, पण ते हसणं मला लागलं. आता लावायचाच, असं मी ठरवलं.

शेजारचे आजोबा अक्कलकोटच्या बाजूचे, जन्मभर ज्वारी पेरलेले. त्यांना कळल्यावर ते कुंपणापाशी आले.

"मेस्त्री, हितं नळाला चार-पाच दिवसानं पानी येतंय. लोकं घागरी मोजून वापरत्यात आन तुमी भात लावनार व्हय?"

त्यांचं म्हणणं खरं होतं. मी त्यांना शब्द दिला की नळाचा एक तांब्याही भाताला घालणार नाही. मोरीचा पाइप वळवून मागं काढला. साबणाचं पाणी रोपांना नको, म्हणून आम्ही दोघंही डाळीच्या पिठानं अंघोळ करायला लागलो. भाजी धुतलेलं, तांदूळ धुतलेलं, सगळं पाणी बादलीत जमायला लागलं.

मग मी खणायला घेतलं. वीतभर खाली मुरूम आणि चुनखडीचे पांढरे खडे. गुडघाभर खड्डा व्हायला आठ दिवस गेले. तळाला ताडपत्री अंथरली, एका जुन्या सहकाऱ्याच्या मंगळवेढ्याच्या शेतातली काळी माती आणून भरली. पिंप आडवं कापून त्यात रोपं केली. खुर्चीवरून ती सांगायची, मी करायचो. रोप किती बोटं खोल लावायचं, दोन रोपांत किती अंतर, चिखल पायानं कसा तुडवायचा. माझा पाय घसरला की ती तोंडाला पदर लावायची.

महिन्याभरात पानं पिवळी पडली. मग कागदासारखी पांढरी झाली. असं आजऱ्याला कधी झालं नव्हतं, त्यामुळं तिलाही उपाय सांगता येईना. गणपतीपर्यंत निम्मी रोपं गेली. उरलेल्यांना लोंब्या आल्या, त्यात दाणा कमी आणि पोकळ फोलच जास्त. जे काही भरलं ते चिमण्यांनी दोन सकाळींत साफ केलं.

आजोबा म्हणाले, "ही माती ज्वारीची हाय. तिला जे येतंय तेच लावावं."

मी एक वाळलेलं रोप पिशवीत घालून शेतीच्या औषधांच्या दुकानात गेलो. दुकानदारानं पान उजेडात धरलं आणि सांगितलं की इकडच्या काळ्या मातीतही चुनखडी असते, त्यात रोपाला लोह मिळत नाही, हिराकस फवारा, तो लोखंडाचाच क्षार. मला हसू आलं. उभा जन्म लोखंडात हात घालून काढला आणि माझं रोप लोखंडावाचून मेलं.

पुढच्या उन्हाळ्यात तिच्या भावानं नवं बियाणं पाठवलं. मी पिंपात माती भरत होतो, तेव्हा ती म्हणाली, "अहो, एवढा हट्ट कशाला? बाजारात मिळतोय की तांदूळ."

मी हातातलं खुरपं खाली ठेवलं. लग्न होऊन आठवडा झाला होता तेव्हाची गोष्ट मी तिला सांगितली. रात्री थोडा भात लावू का, असं तिनं विचारलं होतं, आणि आमच्यात आजारी माणूस भात खातो, असं मी सगळ्यांसमोर म्हणालो होतो. त्यानंतर तिनं कधी विचारलं नाही.

"ते चुकलं माझं," मी म्हणालो.

"मला वाटलं तुमी इसरला असाल," एवढंच ती म्हणाली, आणि मग माती अजून भिजवा, असं सांगितलं.

त्या वर्षी पान जरा फिकट दिसलं की मी हिराकसाच्या पाण्यात लिंबू पिळून फवारायचो. शेणखत दुप्पट घातलं. दसऱ्याच्या सुमाराला ताटांच्या फुगलेल्या पोटरीतून लोंब्या बाहेर आल्या आणि मागचं दार उघडलं की वास यायला लागला. जुनी मच्छरदाणी चार काठ्यांवर ताणून बांधली. चिमण्या वरून चालायच्या, खाली शिरता येत नव्हतं.

दिवाळीनंतर भात पिवळा झाला. मी विळा घेतला तर ती म्हणाली, "द्या इकडं." वॉकर धरून दोन पायऱ्या उतरली. पीक तिच्या कमरेला लागत होतं, वाकायची गरज नव्हती. मी मागून तिला धरलं आणि तिनं ताटं मध्यावरच धरून एक मूठ कापली, मग दुसरी. थांबायला तयारच होईना.

एवढ्याशा भाताला गिरणीवाला हात लावेना. शेवटी शेजारच्या आजींनी शेंगाचटणीचं उखळ दिलं. तीनदा धुतलं तरी शेंगदाण्याचा वास जाईना. मी कांडायला बसलो, दमलो, तेव्हा आजोबा कुंपणाला वळसा घालून आले आणि मुसळ माझ्या हातातून घेतलं.

तांदूळ निघाला तो एक लहान पातेलंभर, त्यातही निम्मी कणी. दुपारी आम्ही चौघं जेवायला बसलो, ती खुर्चीवर, आम्ही खाली. भात मऊ झाला होता, गोळा होत होता. आजोबांनी आमटी न घेता पहिला घास नुसताच खाल्ला आणि आजींना कानडीत काहीतरी म्हणाले. काय म्हणाले ते मी विचारलं. आजी म्हणाल्या, "बियानं हाय का इचारा म्हनत्यात."

बायकोनं दुसऱ्यांदा वाढून घेतला. कणी जास्त झाली, दोन दिवस आणखी वाळवायला पाहिजे होता, असं तिनं मला सुनावलं. मी मान डोलावली. भात त्याच दुपारी संपला, आणि पातेलं घासायला मी उठलो.