पेडलांवरचे ठोकळे

हार्लन बूमाला ते दोन ठोकळे पहिल्या दिवसापासून खुपत होते. ट्रॅक्टर त्रेसष्ट सालचा, अंगणातलं गवत कापायचा. लाल रंग उडून विटकरी झालेला, इंजिन जाम, टायर बसलेले. त्याचं त्याला काही नव्हतं. पण क्लच आणि ब्रेक, दोन्ही पेडलांवर कुणीतरी ओकच्या लाकडाचे ठोकळे स्क्रूने बसवले होते.

"हा काय प्रकार?" त्याने विचारलं.

"ते तसंच आहे," एल्सी रोएल्फ्स म्हणाल्या. बाई चौऱ्याऐंशीच्या, शेतावरचं घर विकून गावातल्या वृद्धाश्रमात निघालेल्या. ट्रॅक्टरच्या किमतीत त्यांनी घासाघीस केली नाही, फक्त एक अट घातली. "काउंटीच्या जत्रेत नेशील ना हा? तेव्हा मला एकदा बसू दे त्याच्यावर. पाय ठेवीन आणि उतरेन."

"पाय कसले ठेवता, फेरी मारा की," हार्लन म्हणाला.

जुनं यंत्र कारखान्यातून निघालं तसंच्या तसं करायचं, हे हार्लनचं वेड होतं. चाळीस वर्षं धान्याच्या कोठारावर मेकॅनिक म्हणून काढली, आणि निवृत्त झाल्यावर तर ताळच सुटला. त्याची बायको डॉना म्हणायची, "ह्याला माझा लग्नातला फोटो दाखवायची सोय नाही. मलाही तशी करायला घेईल."

जानेवारीत त्याने काम काढलं. सिलिंडरमध्ये तेल ओतून आठवडाभर भिजू दिलं, मग लाकडी हातोड्याने हळूहळू ठोकून पिस्टन सोडवला. रिंगा नव्या घातल्या, कार्बोरेटर उकळून काढला, बेअरिंगं बदलली. ठिणगी पाडणाऱ्या जुन्या पॉइंटांच्या जागी इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवलं, तेही झाकणाच्या आत असं की परीक्षकाच्या बापालाही कळू नये. निघालेल्या प्रत्येक तुकड्याचं माप इंचाच्या हजाराव्या भागापर्यंत वहीत लिहिलं. पेडलांसाठी ओहायोहून नवे रबर मागवले. ते आले त्या दिवशी आठ स्क्रू काढून त्याने दोन्ही ठोकळे शेगडीत टाकले. चाळीस वर्षं वाळलेलं ओक, झकास पेटलं. त्यावर त्याने कॉफी गरम करून घेतली.

त्याला दुष्ट म्हणता येत नाही, हीच पंचाईत आहे. जत्रेतल्या परीक्षकांच्या कागदावर घरगुती जोडकामाला गुण कापतात, आणि ठोकळे दिसायला तर अगदीच गबाळे होते.

जुलैच्या जत्रेत ट्रॅक्टरला पहिल्या बक्षिसाची निळी फीत मिळाली. तिसऱ्या दिवशी, शनिवारी, एल्सीबाई वॉकर ढकलत आल्या, चर्चला जायचा पोशाख घालून. हार्लन आणि डॉनाने दोन्ही बाजूंनी धरून त्यांना वर बसवलं. त्यांचे पाय सवयीने पेडलांकडे गेले आणि रबरावर टेकले. बाईंनी खाली वाकून पाहिलं.

"ठोकळे कुठायत?"

"ते कारखान्याचे नव्हते ना," हार्लन म्हणाला.

"कारखान्याचे कसे असतील? गेरिटने केले होते." गेरिट म्हणजे त्यांचा नवरा, त्याला जाऊनही बरीच वर्षं झाली होती. "आमची जूडिथ आठ वर्षांची झाली तेव्हा. गवत मीच कापणार म्हणून हटून बसली, आणि पाय तर पोचेनात. मग दर एप्रिलमध्ये तो ठोकळे काढायचा, थोडे रंधायचा, परत लावायचा. ती वाढायची तसे ते पातळ व्हायचे. बाराव्या वर्षी तिला रक्ताचा कॅन्सर झाला, त्यातच ती गेली. त्या एप्रिलमध्ये रंधले ते शेवटचे. पुढं चाळीस वर्षं मी गुडघे पोटाशी घेऊन गवत कापलं, पण काढले नाहीत."

"घरी आहेत," हार्लनच्या तोंडून निघून गेलं. "जपून ठेवलेत."

"बरं केलंस बाबा. मंगळवारी आणशील?" त्यांनी पर्समधून पेपरमिंटची गोळी काढून त्याच्या हातावर ठेवली, चर्चमध्ये प्रवचनाच्या वेळी बाकावर हातोहात फिरते तशी. ती त्याने खिशात टाकली.

रविवार देवाचा, काम करायचं नाही, म्हणून सोमवारी तो गॅरेजमध्ये गेला. वही पुढून मागून पाहिली. पिस्टनची झीज होती, व्हॉल्व्हची फट होती, साध्या वॉशरची जाडीसुद्धा होती. ठोकळ्यांचं माप नव्हतं. अंदाजाने दीड इंच धरून त्याने जुन्या ओकच्या फळीतून दोन तुकडे कापले, चहाचं पाणी आणि काळं तेल चोळून ते जुने दिसतील असे केले.

"काय करतोयस?" डॉनाने विचारलं.

"खोटेपणा," तो म्हणाला.

मंगळवारी ट्रेलरवर ट्रॅक्टर घालून दोघं वृद्धाश्रमात गेली. पार्किंगमध्ये एल्सीबाई आधीच बाकावर येऊन बसल्या होत्या. त्यांनी ठोकळे मांडीवर घेतले, उलटे केले, बोट फिरवलं. मग दुसराही उलटा केला.

"गेरिट खालून पेन्सिलीने सालं लिहायचा," त्या म्हणाल्या.

हार्लनने टोपी काढली. "जाळले मी ते. जानेवारीत, शेगडीत. मला ठाऊक नव्हतं, पण विचारायला हवं होतं."

त्यांनी दोन्ही ठोकळे एकावर एक रचले. मग म्हणाल्या, "थंडी होती त्या दिवशी?"

"खूप होती."

"मग निदान ऊब तरी मिळाली कुणाला." त्यांनी ठोकळे त्याच्याकडे दिले. "लाव हे."

त्याने लावले, बाईंना वर बसवलं. त्यांनी पाय ठेवले आणि मान हलवली. "जाड आहेत."

हार्लनने ठोकळे काढले, हत्यारांच्या पेटीतला रंधा घेतला, बाकावर दाबून धरून थोडं लाकूड उतरवलं, परत लावले. "अजून," त्या म्हणाल्या. त्याने पुन्हा काढले. असं तीनदा झालं. चौथ्यांदा त्यांनी पाय ठेवले आणि डोळे मिटून घेतले. हार्लन हातात स्क्रूड्रायव्हर धरून उभा राहिला.

"आता?" त्याने विचारलं.

"हे असेच होते का रे? तू काढलेस ना ते. सांग की."

"मी मोजले नव्हते."

"मीही नाही." बाईंनी डोळे उघडले. "जूडिथ केवढी उंच झाली होती ते मी कधी लक्षातच ठेवलं नाही, हार्लन. ते ठोकळे होते ना."