बाबांसाठी अर्धं कपाट

आमच्या वहिनी बसडेपोच्या हरवलेल्या वस्तूंच्या खोलीत बसतात. लोक बसमध्ये जे जे विसरतात ते ते संध्याकाळपर्यंत वहिनींच्या टेबलावर येतं. छत्र्या, चष्मे, डबे हे तर रोजचंच. पण दातांची कवळी विसरलेला माणूस त्यांनी पाहिलाय, एकाच पायात बूट घालून घरी गेलेला पाहिलाय, आणि एकदा तर एक गृहस्थ सासूबाईंनाच बसमध्ये विसरून उतरले होते. "त्यांना मी खुणेशिवाय परत दिलं," वहिनी सांगतात. "जावयाचं तोंड बघूनच ओळख पटली."

एरवी खूण पटवल्याशिवाय वहिनी काडीसुद्धा परत देत नाहीत. कोणी म्हणालं, काळी छत्री हरवलीय, की वहिनी म्हणणार, "काळ्या छत्र्या सगळ्यांच्याच असतात. दांडा कसा आहे?" चांगले सुटाबुटातले लोक त्या खिडकीशी शाळकरी पोरासारखे दांडा आठवत उभे राहतात.

या नोकरीचा घरावर झालेला परिणाम असा, की वहिनींना कुठलीही वस्तू टाकता येत नाही. टाकायला हात उचलला की त्यांना धापा टाकत आलेला मालक दिसतो. त्यामुळे त्यांच्या झोपायच्या खोलीतलं कपाट ही डेपोची घरगुती शाखाच झाली होती. कपाट मुळात चिमुकलं. भिंतीतल्या कोनाड्याला कोणीतरी दोन दारं लावली आणि घर विकताना त्याला कपाट म्हटलं. दार उघडताना बाजूला उभं राहावं लागायचं, कारण आतून काय येईल याचा नेम नसे. दादाच्या पायावर एकदा इस्त्री आली. ती तापत नाही म्हणून ठेवलेली होती. तिच्या शेजारची तापायची थांबत नाही म्हणून ठेवलेली होती. शिवाय आमच्या ताईच्या आधीच्या घराचे पडदे, माझी तारा नसलेली गिटार, आणि दादाच्या लग्नाआधीच्या पँटी. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ, वहिनींचा नवरा. तो ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकवतो. सगळं आयुष्य शेजारच्या सीटवर गेल्यामुळे घरातही स्टिअरिंग त्याच्याकडे नसतं, फक्त ब्रेक असतो.

आता वहिनींचे बाबा. ते रंगारी. शहरातली अर्धी घरं त्यांनी आतून पाहिली आहेत. चौथ्या मजल्यावर एकटेच राहायचे, लिफ्ट नाही. एके सकाळी बाथरूममध्ये पाय घसरून पडले आणि दुपारपर्यंत कोणाला पत्ता नाही. हाड मोडलं नाही, पण वहिनींनी ठरवलं: बाबा आता इकडे.

ठरवणं सोपं होतं. घोडं बाबांपाशी अडलं. ते आधी मुलाकडे राहून आले होते. खायला-प्यायला काही कमी नव्हतं, फक्त कपडे ठेवायला जागा नव्हती. बॅग पलंगाखाली. रोज ओढायची, शर्ट काढायचा, परत आत ढकलायची. एक दिवस त्यांनी बॅग ओढली आणि ढकललीच नाही. उचलली आणि आपल्या चौथ्या मजल्यावर निघून गेले.

"रविवारी येतो," ते वहिनींना फोनवर म्हणाले. "चार दिवस बघतो. जन्मभर लोकांच्या घरात काम केलंय गं मी. कुठे माणूस राहतो आणि कुठे नुसता उतरलाय, मला दारातून कळतं. बॅग उघडावीशी वाटली तर उघडीन. नाहीतर चौथा मजला आहेच."

वहिनींनी फोन ठेवला आणि त्या कपाटाकडे वळल्या.

"अर्धं रिकामं पाहिजे," त्या म्हणाल्या.

दादाने नकळत पायाने जमीन दाबली.

दुसरं कोणी असतं तर डोकं धरून बसलं असतं. वहिनींनी कामाची पद्धत घरी आणली. सगळं कपाट पलंगावर उपसलं, डेपोतल्या लाल काठाच्या चिकटचिठ्ठ्या आणल्या, प्रत्येक वस्तूवर मालक लिहिला आणि मालकांना फोन केले. येऊन खूण पटवा, वस्तू न्या. शनिवारपर्यंत न आल्यास वस्तू बेवारस धरली जाईल.

मी बायकोला घेऊन गेलो. वहिनी खोलीच्या दारात खुर्ची टाकून बसल्या होत्या.

"काय हरवलंय?"

"काही नाही. तुम्हीच बोलावलंत."

"वस्तू सांगा, भावोजी."

"गिटार."

"खूण?"

"तारा नाहीत."

"तशा पुष्कळ असतात. आणखी?"

"मागे नाव कोरलंय."

"कोणाचं?"

बायको शेजारीच उभी होती. ते नाव तिचं नव्हतं. खूण पटवण्यापेक्षा गिटार गेलेली परवडली. मी म्हणालो, ही बहुतेक माझी नसावी. वहिनींनी गंभीर चेहऱ्याने चिठ्ठी बदलली आणि बायकोने घरापर्यंत वाटेत माझ्याशी ब्र काढला नाही.

ताई आली ती लढायच्या तयारीनेच. "पडदे राहू दे की गं तुझ्याकडे. माझ्याकडे जागा कुठे आहे?"

"ताई, जागा माझ्याकडेही नाही. पण तुमच्या नसलेल्या जागेचं भाडं माझं कपाट भरतंय."

ताई पडदे घेऊन गेली. दादाला पँटीची खूण म्हणून ती घालून दाखवायला सांगितलं. ती गुडघ्यापर्यंत आली आणि तिथे तिनेच ब्रेक लावला. "मालक बदललेला आहे," असा शेरा मारून वहिनींनी सगळ्या पँटी गाठोड्यात टाकल्या. दोन्ही इस्त्र्या भंगारात गेल्या. स्वतःच्या वस्तूंपाशी मात्र त्या जरा थबकल्या, कारण तिथे फोन कोणाला करायचा? शेवटी एकेक वस्तू पाठीमागे धरून स्वतःलाच विचारायला लागल्या, सांग बघू कशी आहे. आठवलं नाही की गाठोड्यात. हा प्रामाणिकपणा मला झेपला नसता.

शनिवारी संध्याकाळी कपाटाची डावी बाजू मोकळी झाली होती. वहिनींनी ती पुसली, कप्प्यांत कागद अंथरले आणि हौसेने प्रत्येक कप्प्याच्या काठावर एकेक चिठ्ठी लावली. शर्ट. पँटी. औषधं. चष्मा. सगळ्यांत वर, जरा मोठ्या अक्षरात, बाबा. मग त्यांनी आम्हाला बोलावून दारं उघडून दाखवली. खरं सांगतो, तसं नीटनेटकं कपाट आमच्या खानदानात कोणी पाहिलं नव्हतं.

रविवारी बाबा आले. दादा-वहिनींनी आपली खोली त्यांना दिली आणि स्वतः बाहेरच्या खोलीत झोपायचं ठरवलं. बॅग दाराशी टेकवून त्यांनी कपाट पाहिलं. वरपासून खालपर्यंत सगळ्या चिठ्ठ्या वाचल्या.

"छान केलंयस हो," म्हणाले आणि पलंगावर बसले. बॅग दाराशीच.

"उघडा ना."

"बघू उद्या."

सोमवारी त्यांनी बॅगेची चेन वीतभर उघडली, शर्ट काढला, चेन लावली. मंगळवारीही तेच. वहिनींचा चेहरा उतरला. डेपोतल्या खिडकीत त्या कोणाला हार गेल्या नव्हत्या, इथे एक चेन त्यांना दाद देईना. मंगळवारी संध्याकाळी मी तिथेच होतो. वहिनींनी सरळ विचारलं.

"जागा कमी पडते का, बाबा?"

"छे गं. जागा भरपूर आहे."

"मग काय खटकतंय?"

बाबांनी चष्मा काढून पुसला. "मी एकदा तुझ्या डेपोत डबा न्यायला आलो होतो, आठवतं? बाप म्हणून सोडलं नव्हतंस, झाकणाचा रंग विचारलास."

"विचारावाच लागतो."

"बरोबर आहे. तिथे अशाच लाल चिठ्ठ्या होत्या. कोणी न्यायला येईपर्यंत वस्तू नीट राहावी म्हणून." ते कपाटाकडे पाहून हसले. "मला न्यायला कोण येणार आहे?"

वहिनी उठल्या आणि 'बाबा' लिहिलेली चिठ्ठी नखाने खरवडायला लागल्या. डेपोची चिठ्ठी ती, सहजी निघेना.

"नखाने नको," बाबा म्हणाले. "रंगाचे पोपडे निघतील. ओलं फडकं आण."

फडकं आणलं. ते त्यांनी वहिनींच्या हातातून घेतलं आणि एकेक चिठ्ठी भिजवून अलगद सोडवली.

"आता कसं लावू, सांगा," वहिनी म्हणाल्या.

"तू काहीच लावू नकोस. तू बाहेर बस."

हे वहिनींना सांगणं म्हणजे माशाला किनाऱ्यावर बस म्हणण्यासारखं. पण त्या बसल्या. आतून चेनचा लांबलचक आवाज आला, तेव्हा दादाने माझ्याकडे पाहिलं. मग हँगर वाजले, काहीतरी धपकन पडलं, काहीतरी ओढल्याचा आवाज झाला. वहिनी अर्ध्या उठल्या. दादाने हात आडवा धरला आणि घरात पहिल्यांदाच त्याचा ब्रेक लागला.

बऱ्याच वेळाने आम्ही आत गेलो. औषधांच्या जागी मोजे होते. चष्म्याच्या कप्प्यात रंगाचे जुने ब्रश. शर्ट घडी न घालता सुरळी करून कोंबलेले. आणि त्यांचा एक लांब काळा कोट दांडीच्या बरोब्बर मध्यावर, म्हणजे खरं तर मध्याच्या बराच पलीकडे, ऐसपैस लटकत होता.

"बाबा," वहिनी म्हणाल्या, "ही बाजू माझी आहे."

"होती. कोटाला जागा लागते. तुझे कपडे जरा सरकवलेत." मग त्यांनी दुसऱ्यांची घरं पाहिलेल्या नजरेने वहिनींचे कप्पे न्याहाळले. "आणि एक सांगू? पसारा फार आहे तुझा. थोडा कमी कर."

मला वाटलं, आता खूण विचारली जाणार. पण वहिनींनी निमूटपणे आपले दोन हँगर काढले आणि दाराच्या खिळ्याला अडकवले. चार दिवस उलटून गेले, नंतर कोणी मोजले नाहीत. परवा भेटल्या तेव्हा वहिनी अगदी तक्रारीच्या सुरात सांगत होत्या, भावोजी, बाबांनी आज माझा खालचा कप्पाही घेतला. मी विचारलं, मग तुम्ही काय म्हणालात? त्या म्हणाल्या, "मी काय म्हणणार? घर त्यांचं आहे."