दाराजवळचं बटण

सडलेल्या सुरमईचा वास नाकातून जातो, डोक्यातून जात नाही. इतकी वर्षं झाली, तरी कुणाच्या घरी फ्रिजचं दार उघडलं की मी आधी श्वास धरतो. सुनेला वाटतं, म्हाताऱ्याला थंडी बाधते. बाधत काही नाही. स्वतःची कर्तबगारी आठवते.

एकोणीसशे साठच्या दशकातली गोष्ट. दुबईत तेव्हा आपलाच रुपया चालायचा आणि आमच्या गल्लीत वीज नुकती आली होती. बर दुबईला, खाडीपासून दोन गल्ल्या आत, एका अरबाच्या घरी आम्ही रत्नागिरीकडचे तिघे राहायचो. एक खोली, पुढे अंगण, अंगणाच्या टोकाला संडास. पहिला मी. दुसरा राजापूरकडचा, कापडाच्या दुकानात काम करायचा. दिवसभर गिऱ्हाइकांपुढे गोड बोलून साठलेलं सगळं विष तो संध्याकाळी आमच्यावर ओतायचा. तिसरे चाचा, खाडीपलीकडच्या गोदामावर राखणदार. नात्याने ते कुणाचेच चाचा नव्हते, वयाने सगळ्यांचे होते.

चाचांना साखरेचा आजार. रोज सकाळी काचेची पिचकारी उकळायची आणि मांडीत इन्शुलिन टोचून घ्यायचं. पिचकारी उकळायचं भांडं आणि आमच्या चहाचं भांडं एकच, हे मला सहा महिन्यांनी कळलं. तेव्हापासून मी चहात साखर जास्त घालू लागलो. इन्शुलिनची बाटली थंड ठेवावी लागे. चाचांच्या गावात वीज नव्हती, बर्फ तर नव्हताच.

"तिकडं गेलो की म्हयन्याभरात खलास," ते म्हणायचे. "हितं थंड पेटी हाय, म्हणून मी हाय."

थंड पेटी म्हणजे फ्रिज. देशी परतणाऱ्या एका गोऱ्या साहेबाकडून आम्ही तो घेतला आणि हातगाडीवरून आणला. तोवर चाचांची बाटली बाजारातल्या बर्फावर राहायची. तो जोडायचा मान अर्थातच माझा. मी विजेच्या सामानाच्या दुकानात पावत्या टाइप करायचो. वायर, होल्डर, फ्यूज, सॉकेट हे शब्द दिवसभर बडवले की माणसाला वाटायला लागतं, आपल्याला विद्या आली. कापडवाला मला मिस्त्री म्हणायचा. मला तो मान वाटायचा, यावरून माझी अक्कल समजावी.

मिस्त्रीगिरीची सुरुवात मी फ्रिजच्या महिनाभर आधीच केली होती. अरबाच्या वायरमनने दिवा, पंखा आणि सॉकेट यांची बटणं तीन भिंतींवर लावली होती. आम्ही कंदिलाच्या घरांतली माणसं. घरातून शेवटी निघणाऱ्याने दिवा मालवायचा, नाहीतर आग लागेल, हे आयांनी चापट्या मारून शिकवलेलं. इथे तीन बटणं बंद करता करता आबरा, म्हणजे खाडी ओलांडायची होडी, चुकायचा. म्हणून मी दुकानातून एक मोठं काळं बटण आणलं आणि सगळा करंट त्यातून फिरवून ते दाराजवळ ठोकलं. जाताना एक खटका, सगळं घर बंद. चाचांनी तर माझ्या पाठीवर थाप मारली. त्याच सॉकेटला पुढे मी फ्रिज जोडला.

वाचणाऱ्याला इथेच कळलं असेल. मला कळायला अडीच महिने लागले.

पहिल्याच आठवड्यात दूध फाटलं. मग कोलंबी गेली. रोज संध्याकाळी दार उघडलं की आतून दमट, गोडसर भपकारा यायचा, कुणीतरी तोंडावर ढेकर द्यावा तसा. खालच्या कप्प्यात सुरमईचं गुलाबी पाणी साचलेलं असायचं, वर साय धरलेली. ते फडक्याने टिपायचं काम मिस्त्रीचं. फडकं धुतलं की वास हाताला, हात धुतले की साबणाला. एकदा मी त्याच साबणाने तोंड धुतलं आणि दिवसभर दुकानात स्वतःपासून लांब बसायची इच्छा होत होती.

आणि गंमत अशी, की मी तपासायला बसलो की फ्रिज ठणठणीत. कापडवाला माझ्याआधी घरी यायचा. आल्या आल्या दिवा हवा म्हणून काळं बटण दाबायचा. मी येईपर्यंत फ्रिज तासभर घरघरलेला असायचा, आतली भिंत गार. शुक्रवारी आम्ही आळीपाळीने घरी लोळत असू, तर शुक्रवारी काहीच नासत नसे.

"शुक्रवार पाळतो रे तुझा फ्रिज!" कापडवाला म्हणाला. "आपल्यापेक्षा नेमाचा हाय."

मी निदानं करत गेलो. आधी म्हटलं, दाराचं रबर गेलंय. सायकलची जुनी ट्यूब कापून दाराला चिकटवली. आता मासळीला पंक्चरच्या दुकानाचाही वास लागला. मग म्हटलं, उन्हाळ्यात दुपारी करंट पातळ होतो.

"पातळ म्हणजे? वरणासारखा?" कापडवाल्याने विचारलं.

"तुला नाही कळायचं," मी म्हणालो. मला तरी कुठे कळत होतं!

चाचा मात्र हसत नव्हते. त्यांच्या पायाच्या करंगळीला चप्पल चावली होती आणि ती जखम सुकेना. आधी ओली राहिली, मग तिच्याभोवती कातडी काळी पडली. संडासात ते जाऊन आले की मुंग्यांची रांग लागायची. खोलीतला वास वाढला. मी फ्रिज रिकामा करून सोड्याने घासला तरी वास जाईना. तेव्हा चाचांनी गुपचूप आपला पाय चादरीखाली ओढून घेतला. मी पाहिलं, आणि न पाहिल्यासारखं केलं. त्या दोन वासांतला फरक ओळखायची मला भीती वाटत होती.

डॉक्टरने पाय बघून विचारलं, सुई रोज घेता ना? चाचा म्हणाले, घेतो. मग साखर उतरत का नाही? अशीच राहिली तर देशी जा, घरच्यांत तरी असाल. चाचांनी घरी येऊन हे सांगितलं आणि माझ्याकडे वळले.

"मिस्त्री, दवा थंड ऱ्हाते ना रे?"

तेव्हा "ठाऊक नाही" हे दोन शब्द मला उच्चारता आले असते. त्याऐवजी मी फ्रिजमधला सुरमईचा तुकडा काढला, तव्यावर टाकला आणि दोघांदेखत खाल्ला. "खराब असता तर खाल्ला असता का?" म्हणालो. कापडवाल्याने नाकाला पदर लावावा तसं नाकाला गंजिफ्रॉक लावलं. चाचांच्या तोंडावर मात्र विश्वास दिसला. तोच आज जास्त मळमळवतो.

सकाळी मी संडासात. किती वेळ, ते विचारू नका. बाहेरून कापडवाल्याचा आवाज आला, "मिस्त्री, फ्रिज बराय, तूच बिघडलास! चाचा गेले, मी निघतो!" थोड्या वेळाने मी भिंत धरत खोलीत आलो. दिवा बंद. पंखा बंद. सवयीने त्याने खटका मारला होता. मी चटईवर पडलो आणि काहीतरी कमी वाटलं. घरघर नव्हती. फ्रिज गप्प होता.

मी उठून काळं बटण दाबलं. घरघर. बंद केलं. गप्प. पुन्हा दाबलं. असं मी किती वेळा केलं कोण जाणे. आशा होती की एखाद्या वेळी तरी ते खोटं ठरेल.

मग चाचांची बाटली उजेडात धरली. पाण्यासारखं स्वच्छ असायचं ते औषध गढूळ झालं होतं, काचेला आतून कण चिकटले होते. माझ्या मनात पहिला विचार काय आला असेल? की संध्याकाळच्या आत वायर वेगळी करावी आणि 'गॅस भरला' म्हणून सांगावं. पकड हातात घेतलीसुद्धा. पण बाटली तीच राहिली असती, आणि उद्या सकाळी चाचांनी तेच गढूळ पाणी टोचून घेतलं असतं.

बाटली खिशात घालून मी आबऱ्यात बसलो. पलीकडे पोचेपर्यंत दोनदा खाडीत ओकलो. नावाडी म्हणाला, "यल्ला, उतर लवकर." गोदामाच्या दारात चाचा पाय लांब करून बसले होते. मी सगळं सांगितलं, बटणापासून सुरमईपर्यंत. त्यांनी बाटली घेऊन उन्हात धरली.

"म्हणजे रोज जाताना ते बंद करायचा कोण? आम्हीच."

"लावलं मी होतं, चाचा."

"ता खरा हाय," ते म्हणाले, आणि माझ्या खांद्याला धरून उठले. "चल दाक्तराकडं."

नवी बाटली मिळाली. साखर उतरली. पाय वाचला, करंगळी वाचली नाही. डॉक्टरने ती काढली. देशी जायचं मात्र टळलं. फ्रिजची वायर मी वेगळी केली नाही; अरबाच्या वायरमनकडून करवून घेतली, मी बाजूला टॉर्च धरून उभा.

त्यानंतर चाचा जाताना काळं बटण बंद करायचे, दोन पावलं अंगणात जायचे, मग लंगडत परत यायचे आणि फ्रिजला कान लावायचे. रोज. आबरा चुकला तरी.

"चालू हाय," ते अंगणात खोळंबलेल्या माझ्याकडे बघून म्हणायचे. "मिस्त्रीनं हात लावलेला नाय."