गर्भाचे मार्क

लग्नाला सात वर्षं झाली तेव्हा धुळ्याहून जळगावला जाऊन आम्ही टेस्ट ट्यूब बेबीचे उपचार सुरू केले. इंजेक्शनं, सोनोग्राफी, एसटीचे हेलपाटे, सगळं दोघांनी गुपचूप चालवलं होतं. पण पाचोऱ्याजवळच्या गावात राहणाऱ्या माझ्या सासूसासऱ्यांना सुगावा लागलाच. गर्भ निवडायच्या दिवशी आम्ही दवाखान्यात पोचलो, तर नाना आणि अक्का आमच्याआधी बाकावर हजर. अक्कांच्या मांडीवर भरिताच्या वांग्यांची पिशवी, डॉक्टरीणबाईंसाठी.

नाना जिल्हा परिषदेच्या शाळेतले निवृत्त गुरुजी. घरी कापसाची शेती, पण जीव सगळा पेपर तपासण्यात.

डॉक्टरीणबाईंनी स्क्रीन आमच्याकडे वळवला. चार गर्भ, प्रत्येकाचा फोटो आणि त्याखाली दहापैकी गुण. नानांनी खिशातून चष्मा काढला, पुसला आणि खुर्ची पुढे ओढली.

"नऊ पूर्णांक एक!" ते म्हणाले. "कोणता विषयमां?"

बाईंनी हसू आवरलं. गर्भ ज्या पेटीत वाढतात तिच्यात कॅमेरा असतो, तो सारखे फोटो काढतो, आणि पेशी कशा विभागत गेल्या ते पाहून कॉम्प्युटर अंदाज सांगतो की कोणता गर्भ रुजण्याची शक्यता जास्त, असं त्यांनी समजावलं. "हुशारी नाही, रंग नाही, काही नाही. फक्त रुजेल का, एवढंच. आणि तोही अंदाजच."

"मंग पोऱ्या शे का पोर, तेवढं तरी सांगस का हाई मशीन?" अक्कांनी विचारलं.

बाईंनी भिंतीवरच्या गर्भलिंग निदान कायद्याच्या फलकाकडे बोट केलं. अक्कांनी पिशवीतली वांगी उगाचच खालीवर केली.

बाईंच्या शेजारी लॅबमधली एक तरुण मुलगी उभी होती, डोक्याला जाळीची टोपी लावलेली. गर्भांची देखभाल तिच्याकडे. ती हळूच म्हणाली, "मला तिसरा जास्त आवडलाय." पण कॉम्प्युटरने तिसऱ्याला सहा पूर्णांक आठ दिले होते. नानांनी तिच्याकडे असं पाहिलं, की जणू ती नापास मुलाच्या बापाकडून चहा पिऊन आली होती.

आम्ही अर्थातच नऊ पूर्णांक एक घेतला.

नानांनी गावात सांगून टाकलं, "आपला पहिला नंबर उना!" कशात ते कुणी विचारलं नाही. पहूरच्या आत्तेसासूबाईंनी फोन करून माझं अभिनंदन केलं आणि पोराला क्लास कोणता लावला होता ते विचारलं. मी पलंगावर पडून हसत होते, आणि हसल्याने काही बिघडणार तर नाही ना म्हणून घाबरतही होते.

रक्ताचा रिपोर्ट आला. गर्भ रुजला नव्हता.

त्या दिवशी मी मोरीत नळ सोडून रडले. नवरा दाराबाहेर उभा राहून नुसता "ऐक ना, ऐक ना" म्हणत राहिला. दुसऱ्या दिवशी नाना एकटेच धुळ्याला आले. माझ्याजवळ खुर्ची ओढून बसले. मग म्हणाले, "रडू नको बेटा. सारा जनम मी मार्क दिधात. एक बी मार्कवर मन्हा भरोसा नव्हता."

सात वर्षांत मला कुणी दिलेला हा एकमेव उपयोगी दिलासा.

काही महिन्यांनी पुन्हा त्याच खोलीत बसलो. आता गोठवून ठेवलेले तीन गर्भ उरले होते. कॉम्प्युटरच्या मते दुसरा, लॅबवाल्या मुलीच्या मते अजूनही तिसरा. नाना उठले, गळ्यातला रुमाल काढला आणि स्क्रीनवरचे आकडे झाकून टाकले.

"आते बिगर मार्कना देख," ते मला म्हणाले. "तू आई शे. तूच सांग."

मी पाहिलं. डोळे बारीक करून पाहिलं. तिन्ही फोटो साबणाच्या फेसासारखे, अगदी सारखे. आईपणाची काही खूण आतून येईल म्हणून थांबले. फक्त भुकेची आली. नवऱ्याला विचारलं तर तो म्हणाला, "तू म्हणशील तो." अक्का म्हणाल्या, "मधला जरा नानांसारखा दिसस."

"रुमाल काढा नाना," मी म्हटलं. "कॉम्प्युटरचंच ऐकू या. तो निदान आपला नातेवाईक तरी नाही."

आणि तो दुसरा रुजला.

मुलगी झाली. सव्वा महिन्यानंतर तिला दाखवायला आम्ही त्या दवाखान्यात गेलो. नानांनी शिपायापासून सगळ्यांना पेढे वाटले. निरोप वर लॅबमध्ये गेला असावा, कारण ती जाळीच्या टोपीवाली मुलगी धावत जिना उतरून आली आणि दोन हात अंतरावर थबकली.

"मी यांना पाचव्या दिवसापर्यंतच बघते हो," ती म्हणाली. "केवढी मोठी झाली ही!"

मी मुलीला तिच्या हातात दिलं. काचेच्या नळ्या सहज हाताळणाऱ्या तिने तिला ट्रेसारखं दोन्ही हातांवर आडवं धरलं. मुलीने भोकाड पसरलं आणि तिचा पांढरा कोट ओला केला.

"मान धर माय, मान!" अक्का पुढे झाल्या आणि तिचा तळवा धरून मुलीच्या डोक्याखाली नीट बसवला.